पन्नास डॉलरचा हिवाळा

आज पहाटे जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. आमच्या घरामागं तळं आहे, तळ्यापलीकडं मोठा रस्ता. त्या रस्त्याची घरघर रात्रंदिवस कानात असते. आज ती नव्हती. पडदा बाजूला न करताच मला कळलं की बर्फ पडलाय. बर्फाला स्वतःचा आवाज नसतो. तो दुसऱ्यांचे आवाज घेऊन जातो.

मग पडदा बाजूला केला. ड्राइव्हवे नाही, पायऱ्या नाहीत, टपालाच्या पेटीचं डोकं तेवढं वर. समोरच्या घरांच्या खिडक्या कोणीतरी पुसून टाकल्यासारख्या. परदेशातल्या या नोव्हाय गावातला हा माझा सातवा हिवाळा. सातही सारखेच दिसले, पण आठवतो तो एकच. बर्फ दिसला की आधी तो हिवाळा येतो, मग मी चहा ठेवायला उठतो.

मी शिकलेला नाही. चौथी झाली आणि वडिलांनी विहिरीच्या कामावर घातलं. मंगळवेढ्याच्या पलीकडं आमची जमीन अशी की माणूस खाली गेल्याशिवाय पाणी वर येत नाही. मी यारी चालवायचो. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावर लोखंडी तिवईसारखं यंत्र असतं, त्याच्या ड्रमला तारेचा दोर, दोराला पाटी. पाटीतून दगडमाती वर येते आणि त्याच पाटीतून माणसं खाली जातात. ब्रेक माझ्या हातात. खाली सत्तर-ऐंशी फुटांवर चार माणसं. चाळीस वर्षं मी ब्रेकवर उभा राहिलो आणि माझ्या हातून एकही माणूस गेला नाही. हे मी फुशारकीनं सांगतोय असं वाटलं तर वाटू द्या. फुशारकीच आहे.

त्या कामाचे दोन कायदे. पहिला, दोर कितीही सोडा, ड्रमवर तीन वेढे राहिलेच पाहिजेत. दोराचं टोक ड्रमला नुसत्या खिळीनं धरलेलं असतं. भार पेलतात ते वेढे. शेवटचा वेढा सुटला की खिळी निघते, मग खाली कोण आहे हे देव बघतो. दुसरा कायदा, खालून दोराला दोन झटके आले की उचलायचं, एक आला की थांबायचं आणि काहीच आलं नाही तर विचार न करता उचलायचं.

बायको गेल्यावर मुलानं, संदीपनं, मला इकडं आणलं. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. सून प्रणाली पुण्याची, तीही नोकरीला. नात ईरा, तेव्हा दहा वर्षांची. आठ वाजता गॅरेजचं दार वर जायचं, दोन गाड्या जायच्या, पिवळी बस ईराला न्यायची, आणि दार खाली आलं की घर माझ्या एकट्याचं. भिंतीतल्या जाळ्यांतून गरम हवा यायची, थांबायची, पुन्हा यायची. कोणीतरी झोपेत श्वास घ्यावा तशी. पहिल्या हिवाळ्यात मी त्या जाळीला कान लावून बसायचो. वेड लागलं नव्हतं. दुसरं काही ऐकायला नव्हतं.

शनिवारी सकाळी लायब्ररीत आम्हा म्हाताऱ्यांचा कट्टा भरायचा. तिथं मला साहेब भेटले. ठाण्याचे, बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, तेही मुलाकडं राहायला आलेले. मी त्यांना साहेब म्हणायचो ते अर्धं मानानं, अर्धं खवचटपणानं. ते मला नुसतं कदम म्हणायचे. एकदा त्यांच्या फोनवर मी हिरवं मेज बघितलं. गोल, कडेला नऊ खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं नाहीत, नुसती चित्रं. कुणाचं मांजर, कुणाचं मोटरसायकलचं चाक. पत्ते आपोआप येत होते. वाटणारा हात नव्हता.

साहेब म्हणाले, पोकर. आपल्या तीन पत्तीचा थोरला भाऊ. या राज्यात कायद्यानं चालतं, आणि एकेका डॉलरचंही मेज असतं. मी म्हणालो शिकवा. ते म्हणाले खेळ शिकायला चार दिवस लागतात, पैसे सांभाळायला चार वर्षं, तेव्हा आधी दुसरं शिकू. आणि त्यांनी बँकेतला शब्द काढला, गंगाजळी. जी कधी आटू द्यायची नाही ती.

“किती घालणार?” त्यांनी विचारलं.

“पन्नास.” गावाकडची यारी विकली होती त्यातले माझे म्हणून थोडे होते. संदीपकडं मागायचा प्रश्नच नव्हता.

“मग हे पन्नास डॉलर नव्हेत, कदम. ही पन्नास तिकिटं आहेत. एका वेळी एकच फाडायचं. दोन मेजांवर एकदम बसायचं नाही, हरलं की मोठ्या मेजावर जाऊन भरून काढायचं नाही. चाळीसच्या खाली आलात तर अर्ध्या डॉलरच्या मेजावर उतरायचं.”

“उतरायचं म्हणजे?”

“उतरायचं म्हणजे उतरायचं. तुमचा स्वभाव मोठा आणि पेटी छोटी, म्हणून सांगतोय.”

मी म्हणालो, साहेब, तुम्ही लोकांचे पैसे सांभाळलेत, मी लोकांची माणसं सांभाळलीत. ते हसले. म्हणाले, म्हणूनच तुम्हाला जमेल, आमच्या बँकेत कुणाला जमलं नाही.

ते मला जमलं नाही, निदान सुरुवातीला. दहा दिवसांत मी एकतीसवर आलो. पानं खराब होती असं नाही, मीच खराब खेळत होतो. कोणी समोरून चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, ढकलल्या की मला ते आव्हान वाटायचं. मांजराचं चित्र लावलेल्या कुठल्यातरी अनोळखी माणसानं मला दाबलं, आणि मी, चाळीस वर्षं ब्रेक धरलेला माणूस, माघार घेऊ? घेतली नाही. हरलो. एकतीसवर आलो तेव्हा रागानं पाच डॉलरचं मेज उघडलं. बोट वर उचललेलं होतं. आणि त्या क्षणी हाताला ड्रम जाणवला. दोर सुटत चाललाय आणि वेढे कमी होतायत, ते जसं तळहाताला न बघता कळायचं, तसं. बोट खाली घेतलं. अर्ध्या डॉलरच्या मेजावर उतरलो. लाज वाटली, पण बघायला कोण होतं.

महिनाभरात अर्ध्याच्या मेजावरून पुन्हा एकाच्या मेजावर चढलो. दुपारी दोनला बेसमेंटमध्ये संदीपच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसायचं, एक तिकीट फाडायचं, चारला ईराची बस यायच्या आत झाकण बंद. बेसमेंटला वर एकच खिडकी, जमिनीच्या पातळीवर. बर्फ वाढला की ती खालून भरत जायची. जानेवारीत दुपारी दोनचा उजेड तिथं दुधाच्या पाण्यासारखा पडायचा. त्या उजेडात पडदा हिरवागार. विहिरीच्या तळाशी बसून वर बघितल्यासारखं वाटायचं. फरक एवढाच, की काठावर कोणी नव्हतं.

दर खेपेला सुरुवात करताना खेळाचं यंत्र तपासायचं, मी राज्याच्या हद्दीत आहे का. साहेबांनी सांगितलं होतं, मेजावरचे बहुतेक इथलेच असतात. ते ऐकल्यापासून मला मेज वेगळं दिसायला लागलं. म्हणजे हे मांजर, हे मोटरसायकलचं चाक, ही सगळी याच बर्फाखाली कुठंतरी बसलीत. एकेका घरात एकेक. कोणाचं तोंड कोणाला ठाऊक नाही. वेळ झाली की खुर्चीभोवतीचं घड्याळ फिरतं, पान टाकलं जातं, आणि टाकणारा हात दिसत नाही.

त्यात एक निळ्या होडीचं चित्र होतं. मी त्याला होडीवाला म्हणायचो. रोज दुपारी तो असायचाच. सावकाश खेळायचा, माझ्यासारखा. बाकीचे आपसात काहीबाही लिहायचे, तो आल्यावर सगळ्यांना नमस्कार लिहायचा आणि उठताना एक ओळ. ती ओळ मी अक्षर बघून बघून कॅलेंडरच्या मागं उतरवून घेतली आणि शनिवारी साहेबांना दाखवली. ते म्हणाले, सूप प्यायची वेळ झाली, असं लिहितो. तशी माझी पद्धत होती. मला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, ट्रकांच्या पाट्या वाचून शिकलो, पण शब्द लागत नाहीत. म्हणून न कळलेलं जसंच्या तसं उतरवायचं आणि शनिवारपर्यंत जपून ठेवायचं. घरात ईरा होती, चार वर्षांची असल्यापासून वाचणारी. तिला विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. पण तिला विचारायचं म्हणजे कुठून उतरवलं ते सांगायचं.

आणि ते मी सांगू शकत नव्हतो. संदीप चौदा वर्षांचा होता तेव्हा गणपतीच्या मांडवामागं तीन पत्ती खेळताना मला सापडला. चार-चार आण्यांचा खेळ. मी त्याला दोराच्या तुकड्यानं मारला, भर रस्त्यात. पत्त्याला हात लावलास तर या घराचं पाणी तोडीन, असं म्हणालो. आमच्याकडं पाणी तोडणं म्हणजे काय ते सांगायला नको. त्यानं पुन्हा हात लावला नाही. इथंसुद्धा दिवाळीत मित्रांच्या घरी सगळे डाव मांडतात, तेव्हा हा लांब सोफ्यावर पाण्याचा ग्लास धरून बसतो. मित्र म्हणतात, अरे यार, एक गेम तरी. हा हसतो आणि माझ्याकडं बघतो. मी दुसरीकडं बघतो.

फेब्रुवारीतला तो गुरुवार. तीन दिवस बर्फ पडत होता. खिडकी पूर्ण भरली होती, नुसता पांढरा चौकोन. मी एक तिकीट फाडून बसलो. नऊ जण, प्रत्येकी एक डॉलर, शेवटच्या तिघांत वाटणी. होडीवाला माझ्या डाव्या हाताला, म्हणजे मी त्याच्या उजव्या. त्याचा दिवस चांगला होता. अर्ध्या तासात त्यानं दोघांना उठवलं आणि त्याच्यापुढं चिप्सची रास झाली. मध्येच त्यानं काही लिहिलं. मी उतरवून घेतलं. ते गावाचं नाव आणि बर्फाबद्दल काहीतरी होतं, एवढं पुढं कळलं. तेव्हा मी अक्षरं उतरवतोय, एवढंच.

थोड्या वेळानं त्याची पाळी आली आणि घड्याळ फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग लिहायच्या चौकटीत त्याच्या नावानं एक ओळ उमटली. एकच अक्षर, जे, पुन्हा पुन्हा, ओळ संपेपर्यंत. खाली मांजरवाल्यानं हसण्याची तीन अक्षरं टाकली, ती मला ओळखता येत होती. मी समजलो हाही हसतोय. आपण नाही का हाहाहा लिहीत, तशी या लोकांची आणखी एक तऱ्हा असेल. एवढ्या चिप्स समोर आल्यावर कोण हसणार नाही. मी तीसुद्धा ओळ उतरवली. अक्षरं मोजून उतरवली. चुकू नयेत म्हणून.

त्यानंतर होडीवाल्यानं एकही पान स्वतः टाकलं नाही. त्याची पाळी आली की घड्याळ फिरायचं, संपायचं, पानं आपोआप जायची. मग यंत्रानं त्याची वाट बघणंही सोडलं. पानं यायची आणि आली तशी जायची.

या खेळात बसायचं भाडं असतं. पानं बघायच्या आधी, पाळीपाळीनं, ज्याची वेळ आली त्यानं काही चिप्स मध्ये टाकायच्याच, आणि ते भाडं वाढत जातं. खुर्चीत माणूस असो नसो, यंत्र ते काढून घेतं. आणि अशा खुर्चीच्या उजव्या हाताला जो बसलेला असतो, त्याच्यासारखा नशीबवान नाही. तिच्या भाड्यावर पहिला हात त्याचा. साहेबांनी हेही शिकवलं होतं. रिकामी खुर्ची दिसली तर दया दाखवू नका, कदम, ती फुकटची पेन्शन आहे.

मी दया दाखवली नाही. दर फेरीला त्याच्या राशीतून थोडं ओढलं. बाकीचेही ओढत होते. मेजावर जिवंत माणसं होती ती एकमेकांवर तुटून पडली आणि एकेक करून उठली. मांजर गेलं. चाक गेलं. होडी जागच्या जागी, न हलता, त्यांच्यापेक्षा जास्त टिकली. शेवटी मेजावर दोनच उरलो. मी आणि ती खुर्ची.

तेव्हा मला पहिल्यांदा थंडी वाजली. गरम हवेची जाळी माझ्या डोक्यावरच होती. समोर निळी होडी आणि तिच्यापुढं माझ्याएवढीच रास. मी चिप्स ढकलायचो, पलीकडून पानं निमूट जायची, थोड्या चिप्स माझ्याकडं यायच्या. पुन्हा पानं. पुन्हा तेच. वीस मिनिटं मी त्याची रास मूठमूठ उचलली. तो विरोध करत नव्हता. मी मनात म्हणत होतो, ये बाबा, एक तरी पान टाक. आणि बोट थांबत नव्हतं. चार महिन्यांत मी पहिला कधीच आलो नव्हतो.

पहिला आलो. पडद्यावर रंगीत कागद उडाले. मी झाकण बंद केलं. वर बसचा ब्रेक वाजला.

एकदा, मी सव्वीस वर्षांचा असताना, सुरुंगानंतर दगडू नावाचा गडी खाली गेला. मी दोर सोडला, थांबलो. दोन झटके नाहीत, एकही नाही. काठावरचा मुकादम म्हणाला, बिडी ओढत असेल. मी त्याचं ऐकलं नाही, इंजिन लावलं आणि पाटी वर घेतली. दगडू पाटीच्या कडेला लोंबकळत आला, डोळे पांढरे. खाली हवा मेली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर गेला असता. मुकादम आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, पण दगडू पुढं तीस वर्षं जगला.

म्हणजे मला माहीत होतं. कोणी म्हणू नये की म्हाताऱ्याला कळलं नाही. पहिली पाळी हुकली तेव्हाच तळहाताला कळलं होतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात इंजिन लावायचं नव्हतं, ईराची बस यायच्या आत जिंकायचं होतं.

शुक्रवारी दोनला बसलो. होडी नाही. तीनला नाही. मी तिकीट फाडलं नाही, नुसता मेजं बघत राहिलो. मध्येच वर फोन वाजला म्हणून गेलो, तर प्रणाली ऑफिसातून बोलत होती. दारावरच्या कॅमेऱ्यानं तिला कळवलं होतं की कोणीतरी उभं आहे.

“बाबा, बघता का जरा, दारात कोण आहे?”

मी दार उघडलं. कोणी नव्हतं. वाऱ्यानं बर्फ आडवा चालला होता आणि पायऱ्यांवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मी तिला सांगितलं, बर्फ आहे. ती म्हणाली, या बर्फानं कॅमेऱ्याला वेड लावलंय. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा मी दार उघडलं नाही. आतल्या बाजूनं नुसता हात लावून उभा राहिलो.

त्या संध्याकाळी ईरा माझ्यासमोर टेबलावर गृहपाठ करत होती. कॅलेंडरचा कागद माझ्या खिशात होता. नुसता पुढं करायचा होता. मी विचार केला, उद्या शनिवार, साहेब वाचतील. एक रात्र. माणसाला एका रात्रीनं काय होतं.

शनिवारी सकाळी संदीपनं सांगितलं, बाबा, लायब्ररी बंद आहे, रस्ते अजून मोकळे नाहीत. मी खिडकीशी उभा राहिलो. मग ईराला हाक मारली आणि कागद तिच्यापुढं ठेवला.

वरची ओळ तिनं वाचली. गावाचं नाव, राज्याच्या पार उत्तरेचं, आणि बर्फ खिडकीपर्यंत आलाय, असं. खालच्या ओळीवर ती थांबली.

“आजोबा, दॅट्स नॉट अ वर्ड.”

“हसणं असेल.”

“नो. कोणाचातरी हात कीवर राहिला. आय डू दॅट व्हेन आय फॉल अस्लीप.” मग तिनं कपाळाला आठी घातली. “बट यू हॅव टु प्रेस एंटर टु सेंड इट. म्हणजे ही सेंट इट. का?”

मला तेवढं इंग्रजी कळलं. नुसता हात पडला असता तर ओळ तिथंच राहिली असती. ती पाठवायला दुसरी कळ दाबावी लागते. त्यानं ती दाबली होती. जे अक्षर हाताखाली आलं ते घेऊन, शब्द लावायची ताकद नसताना, त्यानं पाठवलं होतं. नऊ खुर्च्यांच्या मेजावर ते वाचणारा जो सगळ्यांत जवळ होता, त्यानं ते मोजून कागदावर उतरवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

संदीप ओट्याशी कॉफी करत होता. मी त्याच्यामागं जाऊन उभा राहिलो. आयुष्यात मी त्याला काही कबूल केलं नव्हतं. 

“मी पत्ते खेळतो. पैशावर. चार महिने झाले.”

तो वळला नाही. कॉफीचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “माझ्या पाठीवर अजून वळ आहे, बाबा.”

“माहीत आहे. तो वळ माझा. पण आधी हा कागद बघ. माणूस गुरुवारपासून खाली आहे.”

खाली कसा म्हणालो मला माहीत नाही. तोंडातून तेच आलं. पण त्याला ते कळलं, तो विहिरीच्या घरात वाढलेला. त्यानं कागद घेतला, ईराला दोन प्रश्न विचारले, मला एकही नाही. आधी खेळवणाऱ्या कंपनीला फोन केला. नाव सांगता येत नाही, नियम आहे, म्हणाले, पण आम्ही बघतो. मग त्यानं थेट त्या उत्तरेकडच्या गावच्या पोलिसांना लावला. गाव लहान. होडी, सूप, बहुतेक म्हातारा, बहुतेक एकटा, असं सांगितल्यावर पलीकडच्या बाईनं एवढंच विचारलं की हा रोज दुपारी कॉम्प्युटरवर असतो का. म्हणजे तिला कोण ते कळलं होतं.

त्या दिवसाची दुपार मला तुकड्यातुकड्यानं आठवते. बर्फ उडवणारं यंत्र गल्लीतून गेलं. प्रणालीनं खिचडी टाकली, माझ्याशी धड बोलली नाही, पण माझ्या ताटात तूप नेहमीसारखंच वाढलं. तळ्यावर बदकं बर्फात पाय रुतवून उभी होती, एकाच दिशेला तोंड करून. संदीप समोर बसून होता. एकदा त्यानं विचारलं, किती घालवलेत? मी म्हणालो, घालवले नाहीत, पन्नासचे चौपन्न झालेत. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की चौपन्न हा आकडा मला पुन्हा उच्चारता आला नाही.

ते चौपन्न अजून तिथंच आहेत. साहेब ठाण्याला परत गेले, त्यांचा फोन येतो, विचारतात, गंगाजळी कशी आहे. मी म्हणतो, आटली नाही. खरं तेच सांगतो. लॅपटॉप बेसमेंटमध्ये आहे, झाकण बंद. आज सकाळी खाली गेलो होतो, चहा घेऊन. खिडकी निम्मी भरलीय. जाळीतून हवा येते, थांबते, येते. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्याउभ्या चहा प्यायलो आणि वर आलो. कोणी विचारेल, कशाला गेलास मग. मला सांगता येणार नाही. पैसे कसे सांभाळायचे ते मी त्या हिवाळ्यात शिकलो, आणि चांगला शिकलो, ते कोणी नाकारू नये. पण तीच अक्कल सगळीकडं पुरते असं मी धरून चाललो होतो.

त्या शनिवारी चार वाजता फोन आला. संदीपनं तो स्पीकरवर टाकला आणि एकेक वाक्य मला सांगत गेला. गावचा पोलीस होता, वयानं माझ्याएवढा असावा, आवाज खरखरीत. म्हणाला, दार उघडलं. पण पुढचं नातेवाइकांनाच सांगता येतं, आणि नातेवाईक कोणी सापडत नाही. संदीपनं फोनवर हात ठेवला.

“बाबा, ते विचारतायत, तुम्ही त्यांचे कोण?”

 मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

“सांग, त्याच्या उजव्या हाताला बसणारा.”

संदीपनं ते तसंच सांगितलं.  मग त्या माणसानं, सांगायचं नसताना, सांगितलं. खुर्चीतच होता. हृदय. डॉक्टर म्हणतात गुरुवारची दुपार, लगेच गेला की तास-दोन तास लागले ते सांगता येत नाही. कोपर कळांवर होतं, म्हणून दोन दिवस पडदा विझला नव्हता. खोलीत तेवढाच उजेड. आणि पडद्यावर, तो पोलीस म्हणाला, अभिनंदनाची पाटी होती. तुमचा दुसरा नंबर आला, असं लिहिलेलं.

फोन संपला. संदीप कागदाकडं बघत होता. मग मान वर करून त्यानं विचारलं, “पहिला कोण आला?”

“मी,” मी म्हणालो.